गच्चीवरचे न्यूयॉर्क

श्रोतेहो, उन्हाळ्यात माळवदावर अंथरूण टाकायचं, हे लातूर-सोलापूरकडच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. दिवसभर तापलेलं घर रात्री भट्टीसारखं होतं. मग वर जायचं, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवायचा आणि वाऱ्याची वाट पाहायची. यात पैशाचा संबंध कुठं आला? पण मोठ्या शहरात हाच वारा विकत घ्यावा लागतो. आज मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींवर उपाहारगृहे आणि मद्यगृहे आहेत. खालच्यापेक्षा वरच्या टेबलाला मागणी अधिक. ही गच्ची विकण्याची कल्पना ज्या शहरात प्रथम भरभराटीला आली, त्या न्यूयॉर्कची गोष्ट आज आपण पाहू.

आधी एक साधा प्रश्न. लिफ्ट नव्हती तेव्हा वरच्या मजल्यावर कोण राहत असे? गरीब. चार जिने चढून धाप लागते; पैसेवाला कशाला वर जाईल? तो खालीच राही, आणि नोकरचाकर, हातावर पोट असणारी माणसे छपराखाली. हा क्रम एका कारागिराने उलटा केला. इलायशा ओटिस हे त्याचे नाव. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात तो उघड्या पाळण्यावर उभा राहिला आणि वरचा दोर त्याने कापायला लावला. लोकांचा श्वास अडकला. पण पाळणा कोसळला नाही, कारण दोर तुटताच त्याला पकडून धरणारी कळ त्याने बसवली होती. १८५७ साली ब्रॉडवे रस्त्यावरच्या एका पाच मजली दुकानात त्याची माणसांसाठीची लिफ्ट चालू झाली. जिन्याच्या काळात वर जाणे हा त्रास होता. लिफ्टच्या काळात तीच चैन झाली.

आता दुसरी अडचण पाहा. त्या काळच्या नाटकगृहांत दिवे गॅसचे. त्यात उन्हाळा आणि गच्च भरलेले प्रेक्षक! आत बसवत नसे, म्हणून उन्हाळ्यात नाटकगृहे बंद ठेवावी लागत. रुडॉल्फ अॅरन्सन नावाच्या संगीतकाराने पॅरिसमध्ये झाडांखाली, मोकळ्या हवेत चालणाऱ्या मैफिली पाहिल्या होत्या. तशी बाग न्यूयॉर्कमध्ये करावी, तर ब्रॉडवेवर जमीन सोन्याच्या भावाची. मग त्याने विचार केला, की जमीन नाही तर नाही, छप्पर तर आहे! १८८२ साली उघडलेल्या त्याच्या कॅसिनो थिएटरवर पुढे बाग सजली. कुंड्यांतली झाडे, रंगीत दिवे, वाद्यवृंद आणि थंडगार पेये. उन्हाळ्यात बंद पडणारा धंदा आता उन्हाळ्यातच चालू लागला.

मग चढाओढ लागली. १८९० साली उभ्या राहिलेल्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या प्रचंड इमारतीवर बाग झाली. ती इमारत उभारणारा वास्तुविशारद स्टॅनफर्ड व्हाइट १९०६ च्या २५ जूनला त्याच गच्चीवर, खेळ चालू असताना, गोळी घालून मारला गेला. गच्ची म्हणजे श्रीमंतांच्या दिमाखाची आणि भानगडींचीही जागा कशी झाली होती, हे यावरून कळते. आणि एक मौजेची गोष्ट सांगतो. ऑस्कर हॅमरस्टाइन नावाच्या नाटकगृहवाल्याने आपल्या गच्चीवर चक्क छोटीशी शेतवाडी मांडली होती. तिथं बदके होती, खरीखुरी गाय होती आणि तिचे दूध विकणारी गवळण होती! आपल्या गोठ्यात रोज उठून जे दिसते, ते शहरातली माणसे तिकीट काढून, गच्चीवर जाऊन पाहत होती.

पण त्याच शहरात दुसऱ्याही गच्च्या होत्या. ब्रॉडवेपासून फार दूर नाही, पूर्वेकडच्या वस्तीत, युरोपातून आलेली गरीब कुटुंबे पाच-सहा मजली चाळींत दाटीवाटीने राहत. कित्येक खोल्यांना खिडकीच नव्हती. त्यांचे जिणे जेकब रीस या पत्रकाराने १८९० साली पुस्तकातून जगापुढे मांडले. उन्हाळा आला की ही माणसे गच्चीवर निजत. १८९६ च्या ऑगस्टमध्ये सुमारे दहा दिवस उष्णतेची लाट आली. न्यूयॉर्क आणि पूर्वेकडच्या इतर शहरांत मिळून सुमारे १,५०० माणसे दगावली. त्यांत काही अशीही होती, की वाऱ्यासाठी गच्चीच्या कडेला निजली आणि झोपेत खाली पडली. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट तेव्हा शहराचे पोलीस आयुक्त होते. गरिबांना फुकट बर्फ वाटण्याच्या कामात त्यांनी पुढाकार घेतला. एका गच्चीवर बर्फ घातलेली पेये, आणि दुसऱ्या गच्चीखालच्या रस्त्यावर बर्फाच्या तुकड्यासाठी रांग! उन्हाळा तोच, शहरही तेच.

गच्चीचे आणखी एक काम आहे, आणि ते प्राणाशी गाठ पडल्यावरच कळते. १९११ च्या २५ मार्चला ट्रँगल या कपडे शिवण्याच्या कारखान्याला आग लागली. दहा मजली इमारत. कारखाना वरच्या तीन मजल्यांवर. दहाव्या मजल्यावरचे बहुतेक लोक गच्चीवर पळाले. शेजारच्या अधिक उंच इमारतीतल्या विद्यार्थ्यांनी शिड्या सोडल्या आणि ते वाचले. कारखान्याचे मालकही असेच सुटले. नवव्या मजल्यावरच्या मुलींच्या वाट्याला मात्र कुलूप लावलेले दार आले. १४६ माणसे मेली, त्यांत बहुतेक तरुण कामकरी मुली. खालच्यांना गच्ची गाठता आली असती, तर आकडा निराळा झाला असता.

म्हणजे गच्चीचे धर्म दोन: वारा देणे आणि वाट देणे. त्या मोबदल्यात ती फक्त मोकळी राहायला मागते.

असो. त्या बागांचे पुढे काय झाले? १९२० च्या जानेवारीत अमेरिकेत दारूबंदी आली आणि गच्च्यांचा मुख्य मिळकतीचा झरा आटला. दुसरा घाव यंत्राने घातला. १९०२ साली विलिस कॅरियर याने एका छापखान्यासाठी हवा नियंत्रित करणारे यंत्र तयार केले होते. १९२५ साली तसे यंत्र न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात बसले. खालीच गारवा मिळू लागल्यावर वर कोण जाणार? दारूबंदी १९३३ च्या डिसेंबरात उठली, आणि पुढच्याच वर्षी पासष्टाव्या मजल्यावर ‘रेनबो रूम’ हे प्रसिद्ध उपाहारगृह उघडले. पण ते काचेआड, बंदिस्त. आता तिथं वारा विकायला नव्हता, देखावा विकायला होता. आजच्या गच्चीवरच्या उपाहारगृहांत गिऱ्हाईक बहुधा या देखाव्याचीच किंमत मोजते.

हा इतिहास परक्या मुलखाचा म्हणून सोडून देता येत नाही. मुंबईच्या गिरणगावात, जिथं कोकणातून आणि घाटावरून आलेल्या आपल्याच माणसांनी चाळींत दिवस काढले, तिथं गिरण्या बंद पडल्यावर त्यांच्या आवारांत कचेऱ्या आणि उपाहारगृहे आली. २०१७ च्या २९ डिसेंबरला, मध्यरात्रीनंतर, कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांत आग लागली आणि १४ माणसे मेली. वर बांबू आणि ताडपत्रीचे आच्छादन होते. कित्येकजण जीव वाचवायला प्रसाधनगृहाकडे धावले आणि तिथंच धुराने गुदमरले. डोक्यावर आकाश असायला हवे तिथे ताडपत्री, आणि पायाखाली जिना असायला हवा तिथे गोंधळ. ज्या जागेवर संकटात धावत जायचे, तिथूनच पळायची पाळी आली.

गच्चीवर बसून जेवणे यात वाईट काही नाही. आपण माळवदावर चांदण्यात भाकरी खातो, त्यात जे सुख आहे, तेच शहरातला माणूसही शोधतो. पण शिक्षकबंधूंनो, शाळेत लिफ्टचा शोध शिकवाल, तेव्हा तिने घराचा कोणता मजला कुणाला दिला, हेही मुलांना विचारा. आणि श्रोतेहो, कधी कामानिमित्त मोठ्या शहरात गेलात आणि कुणी आग्रहाने गच्चीवरच्या उपाहारगृहात नेलं, तर जरूर जा. मात्र खुर्ची ओढण्याआधी दोन गोष्टी पाहून घ्या: डोक्यावर आकाश आहे ना, आणि खाली जायचे जिने किती व कुठं आहेत. देखावा नंतर पाहता येईल. तो कुठं जात नाही.