गर्न्सी : ध्वज व मानचिन्हे
इंग्लिश खाडीतील, फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्याजवळील स्वायत्त बेटाची अधिकृत प्रतीके. सु. ६५ चौ. किमी. क्षेत्रफळाचे हे बेट ब्रिटिश राजसत्तेच्या अधीन असले, तरी युनायटेड किंग्डमचा भाग नाही. त्याचे विधिमंडळ व कायदे स्वतंत्र आहेत. हे वेगळेपण दर्शविण्याची गरज त्याच्या प्रतीकांच्या इतिहासात दिसून येते.

मध्ययुगात गर्न्सी नॉर्मंडीच्या ड्यूकच्या अमलाखाली होते. १२०४ मध्ये इंग्लंडच्या जॉन राजाने मुख्य भूमीवरील नॉर्मंडी गमावली. बेटे मात्र त्याच्याकडेच राहिली. पहिल्या एडवर्डने १२७९ मध्ये त्यांना तीन सिंहांची राजमुद्रा दिली. तांबड्या ढालीवर तीन सोनेरी सिंह हेच जर्सीचेही मानचिन्ह होय. गर्न्सीच्या ढालीच्या माथ्यावर मात्र पानांची डहाळी असते. त्यावरून दोहोंतील भेद ओळखता येतो.

ध्वजाच्या बाबतीत असा भेद पुष्कळ काळ नव्हता. पांढऱ्या पार्श्वभूमीवर सेंट जॉर्जचा तांबडा क्रूस हाच इंग्लंडचा व गर्न्सीचाही ध्वज होता. १९८२ च्या ब्रिझ्बेन येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत त्यामुळे घोटाळा झाला. त्यानंतर तांबड्या क्रूसावर विल्यम द काँकररचा सोनेरी क्रूस घालण्यात आला; बेयो येथील प्रसिद्ध भरतकामपटात विल्यमच्या ध्वजावर तो दिसतो. जर्मन व्याप्तीतून (१९४०–४५) बेटाची मुक्तता झाली, त्या घटनेच्या चाळिसाव्या वर्धापनदिनी, ९ मे १९८५ रोजी, नवा ध्वज फडकविण्यात आला. इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन ड्यूकचे चिन्ह अशा रीतीने गर्न्सीला इंग्लंडपासून वेगळे दाखविते.