खर्जाचे वाद्य आणि ध्वनिवर्धक : घाटाच्या दोन अंगांचा इतिहास

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेला चंदगड तालुका १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, आणि आजही तिलारी घाटाने खाली उतरले की दोडामार्गमार्गे गोव्यात जाता येते. या तालुक्याच्या दोन अंगांना तंतुवाद्यांच्या दोन भिन्न परंपरा रुजल्या. ईशान्येला, कोल्हापूरच्या पलीकडे, मिरजेचा तंबोरा घडला. घाटाखाली गोव्यात पोर्तुगीज अमलात व्हायोलिन आणि त्याच्या कुळातील वाद्ये आली. त्या कुळातील सर्वांत मोठे, खर्जात बोलणारे वाद्य म्हणजे डबल बास. त्याचा आणि ध्वनिवर्धकाचा संबंध कसा जुळला, हे पाहिले म्हणजे वाद्य घडवण्याच्या कलेवर यंत्राचा परिणाम नेमका कोणता झाला, हेही स्पष्ट होते.

गोव्यात १५१०नंतर पोर्तुगीज सत्ता स्थिरावली, तेव्हा चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिनवादन शिकवण्याची पद्धत सुरू झाली. लिहिलेले संगीत पाहता क्षणी वाजवण्याची सवय त्यामुळे अनेक पिढ्यांच्या अंगवळणी पडली, आणि उपजीविकेसाठी हे वादक मुंबईकडे वळले, तेव्हा हॉटेले, नृत्यगृहे आणि मूकपटांचे वाद्यवृंद यांना आयतेच तयार कलावंत मिळाले. १९०३मध्ये उघडलेल्या ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा संच आला, त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफोर्ड आले, आणि जॅझ, म्हणजे ठरलेल्या स्वरसंगतीवर ऐनवेळी स्वररचना करण्याची ही शैली, गोवेकर वादकांनी आत्मसात केली. हळदोण्याचे आंतोनियो शावियर वाझ, जे चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध झाले, त्यांनी पुढे संगीतकार सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केले. १९५१च्या ‘अलबेला’ या चित्रपटातील संगीतात जॅझ आणि चित्रपटसंगीत यांच्या मिलाफाचा ठसा उमटलेला आहे.

जॅझच्या संचात डबल बासचे काम म्हणजे तालाचा कणा सांभाळणे आणि स्वरसंगतीचा पाया दाखवणे. त्यासाठी तो प्रायः गजाऐवजी बोटांनी छेडला जातो. परंतु या वाद्याची मूलभूत अडचण अशी की ते उंचीने माणसाएवढे असूनही त्याचा आवाज लहान असतो. त्याची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते आणि त्या ध्वनीची तरंगलांबी ८ मीटरहून अधिक भरते, तर वाद्याची पोकळी इतक्या खालच्या स्वराला पुरेशी साथ देऊ शकत नाही. ऐकणाऱ्याला मूळ स्वर क्षीण आणि त्याच्या वरचे उपस्वर ठळक ऐकू येतात, आणि कान त्या उपस्वरांवरून मूळ स्वर ओळखतो. त्यामुळे ट्रम्पेट व सॅक्सोफोनच्या गर्दीत डबल बास हरवत असे, आणि जॅझच्या आरंभीच्या काळात त्याच्या जागी ट्यूबा हे पितळी वाद्य वाजवले जाई. १९२५पासून मायक्रोफोनच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण होऊ लागल्यावर तारेचा खर्ज तबकडीवर नीट उमटला आणि डबल बासला त्याची जागा मिळाली.

मंचावरील प्रश्न मात्र शिल्लक होता. अमेरिकन बासवादक एव्हरेट हल यांनी १९४६च्या सुमारास वाद्याच्या तळाच्या खुंटीतच मायक्रोफोन बसवण्याची युक्ती काढली, आणि त्यावरूनच अँपेग या कंपनीचे नाव पडले. पण आवाज असा वाढवला की नवी अडचण उभी राहते : लाउडस्पीकरचा आवाज वाद्याच्या वरच्या पातळ फळीला पुन्हा कंप देतो, तो कंप पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडतो आणि घुमणारा कर्कश ध्वनी सुरू होतो. यालाच फीडबॅक म्हणतात. १९५१ साली लिओ फेंडर यांनी पोकळी नसलेली, भरीव लाकडाची विजेवर चालणारी बास गिटार बाजारात आणली, तेव्हा ही अडचण मुळातूनच टळली, आणि सोयीमुळे अनेक वाद्यवृंदांनी तीच पत्करली. पुढे डबल बाससाठी घोडीला, म्हणजे तारा ज्या टेकूवरून जातात त्याला, चिकटवण्याचे पिकअप आले; त्यातील स्फटिक दाब पडताच विद्युत्संकेत निर्माण करतो, म्हणून हवेतल्या ध्वनीऐवजी घोडीचा कंप थेट उचलला जातो. आतड्याच्या तारांच्या जागी पोलादी तारा आल्याने स्वर अधिक काळ टिकू लागला आणि स्वतंत्र वादन सुलभ झाले.

या बदलांनी कारागिराचे काम बदलले. ध्वनिवर्धकासाठी घडवलेल्या बासची वरची फळी, पोलादी तारांचा ताण सोसून फीडबॅकला कमी बळी पडेल अशा बेताने कोरावी लागते. आतील आधारपट्टी आणि वरच्या-खालच्या फळ्यांमधील दांडी यांची जागा त्यानुसार ठरवावी लागते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत लाकूड फुगते आणि आकसते, तेव्हा फळी तडकण्याआधी सांधा सुटावा म्हणून सरसाने जोडणे हीच जुनी रीत उपयोगी पडते. स्वस्त प्लायवुडचे बास हवेचा फेरफार आणि फीडबॅक दोन्ही अधिक सोसतात, पण त्यांच्या नादात कोरीव फळीची खोली नसते.

मिरजेच्या कारागिरीशी याची तुलना उद्बोधक आहे. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, शस्त्रांची मागणी ओसरत असता, तंतुवाद्ये घडवण्याचा व्यवसाय धरला. पंढरपूर परिसरातील भोपळा आणि तुणाचे लाकूड यांपासून बनणाऱ्या तंबोऱ्यात घोडीचा माथा घासून जवारी काढली जाते, म्हणजे तार घोडीला हलका स्पर्श करत राहते आणि उपस्वर खुलतात. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ध्वनिवर्धकामुळे तंबोऱ्याचा आवाज वाढवता येतो, पण जवारी बिघडलेली असेल तर बिघाडच मोठा होतो. डबल बासच्या बाबतीतही तेच खरे आहे: पिकअप घोडीचा कंप जसा आहे तसा उचलतो, त्यामुळे घोडी आणि फळी कसबी हाताने जुळवलेली नसतील तर तो दोष झाकला जात नाही. यंत्राने कारागिराची गरज कमी केली, हा समज या दोन्ही वाद्यांच्या इतिहासाला धरून नाही. यंत्राने त्याच्या कामाची कसोटी अधिक कडक केली.