ऋतू, बाजार आणि चूल : दक्षिण महाराष्ट्रातील जैन पाकपरंपरेचा मागोवा

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रसिद्ध होणाऱ्या या स्मरणिकेत मंदिरांचा, मुनिसंघांचा आणि दानशूर श्रावकांचा इतिहास येणे हे स्वाभाविकच आहे. परंतु ज्या स्थानी आपल्या धर्माचे आचरण रोज, न चुकता आणि कसलाही गाजावाजा न होता घडत आले, त्या स्थानाचा इतिहास मात्र सहसा लिहिला जात नाही. ते स्थान म्हणजे आपले स्वयंपाकघर होय. बाजारातून काय आणावे, कोणत्या ऋतूत काय शिजवावे, कशाचा त्याग करावा, हे निर्णय शतकानुशतके आपल्या माता-भगिनींनी घेतले. त्यांची नावे कोणत्याही शिलेवर कोरलेली नाहीत. या लेखात त्या परंपरेचा उपलब्ध आधारांवरून अल्पसा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

बाजार आणि बसदी

आपल्या भागात बाजारपेठ आणि जिनमंदिर यांचे नाते फार जुने आहे. शिलाहार राजवटीत कोल्हापूर हे जैन धर्माचे मोठे केंद्र होते. निंबदेव सामंताने कोल्हापुरातील कवडेगोळ्ळ नावाच्या बाजारपेठेत पार्श्वनाथ बसदी उभारली आणि इ. स. ११३५ च्या सुमारास व्यापाऱ्यांच्या समुदायाने आपल्या मालावरील काही भाग तिच्यासाठी अर्पण केला, अशी नोंद कन्नड शिलालेखात आढळते. शिलाहार राजा विजयादित्य याच्या शके १०६५ (इ. स. ११४३) मधील लेखात अष्टविध पूजा व मंदिराचा जीर्णोद्धार यांच्याबरोबरच मुनींच्या आहाराचीही तरतूद केलेली आहे. पूजेच्या बरोबरीने आहारदानाचा उल्लेख व्हावा, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शुद्ध अन्न सिद्ध करणे हे त्या काळीही धर्मकार्यच मानले जात होते.

ग्रंथांतील पाकशाला

पाकशास्त्राकडे जैन ग्रंथकारांनी कधीही तुच्छतेने पाहिले नाही. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, म्हणजे नवव्या शतकात, उग्रादित्याचार्यांनी 'कल्याणकारक' हा वैद्यकग्रंथ रचला. त्यात धान्ये, भाज्या आणि आहार यांच्या गुणदोषांचा विचार आहे. औषधासाठीसुद्धा मद्य, मांस व मधु यांची आवश्यकता नाही, हा त्या ग्रंथाचा विशेष. हा ग्रंथ इ. स. १९४० मध्ये आपल्या सोलापुरातून हिंदी अनुवादासह प्रकाशित झाला, याचा आपणांस सार्थ अभिमान वाटला पाहिजे.

पुढे कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने दुसऱ्या चावुंडरायाने इ. स. १०२५ मध्ये कन्नड भाषेत 'लोकोपकार' हा ग्रंथ सिद्ध केला. श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराची मूर्ती घडविणारा चावुंडराय निराळा व त्याच्या पूर्वीचा, हे येथे सांगितले पाहिजे. 'लोकोपकारा'त विहिरी, पर्जन्य, वृक्ष आणि वैद्यक यांच्या जोडीने सूपशास्त्र, अर्थात स्वयंपाकाची विद्या, आली आहे. सामान्य गृहस्थाला उपयोगी पडणाऱ्या ज्ञानात चुलीचे ज्ञान मोडते, हा विचारच मुळी मोलाचा आहे. त्याच घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराचा 'मानसोल्लास' (इ. स. ११२९) हा काही जैन आचाराचा ग्रंथ नव्हे; तथापि त्यात वर्णिलेले मंडक आजही बेळगावचे मांडे म्हणून आपल्या लग्नकार्यांत मिरवत आहेत. सोळाव्या शतकाच्या आरंभी तिसरा मंगरस या जैन कवीने तर केवळ पाककलेवर 'सूपशास्त्र' नावाचे कन्नड काव्य रचले. वांगे, फणस, केळी, कैरी अशा फळभाज्यांचे किती प्रकार करता येतात, हे त्याने मोठ्या हौसेने सांगितले आहे. त्याग म्हणजे नीरसता, अशी समजूत असणाऱ्यांनी हा ग्रंथ अवश्य आठवावा.

ऋतू आणि मर्यादा

जैन पाकपरंपरेचा खरा गाभा 'मर्यादा' या एका शब्दात आहे. येथे मर्यादा म्हणजे एखादा पदार्थ किती काळपर्यंत भक्ष्य राहतो याची कालगणना. दिगंबर परंपरेत दळलेल्या पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५ दिवस आणि पावसाळ्यात केवळ ३ दिवस मानली जाते. गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे. हवेतील दमटपणा वाढला की पिठात जीवोत्पत्ती लवकर होते, या निरीक्षणावर हा नियम उभा आहे. म्हणूनच ताजे दळण, ताजे पाणी आणि ताजी भाजी हा आपल्या घरांत चोखंदळपणाचा विषय कधीच नव्हता. तो अहिंसेचा विषय होता.

ऋतूंचा क्रमही याच दृष्टीने लागलेला दिसतो. हिवाळा हा पालेभाज्यांचा काळ. कृष्णा-वारणा-पंचगंगेच्या काठच्या मळ्यांतून मेथी, चाकवत, करडई आणि हरभऱ्याचा कोवळा पाला आठवडी बाजारात येई. शाळू भरू लागला की शेतावर हुरडा होई. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला तीळ लावलेली भाकरी आणि मिश्र भाजी सर्वत्र होते. जैन घरांत त्या भाजीतून गाजर वगळले जाते. परंतु ओला हरभरा, पावटा, घेवडा आणि ओल्या शेंगा असल्यावर तिच्या गोडीत काही उणे पडत नाही.

उन्हाळ्यात कैरीचे पन्हे, आंब्याचा रस आणि काकडीची कोशिंबीर असे. परंतु उन्हाळ्याचे मुख्य काम म्हणजे वाळवण. सांडगे, पापड, कुरडया आणि वाळवलेली गवार यांची बेगमी होई ती पुढील चातुर्मासासाठी. वेळेवर व कडक उन्हात वाळलेला जिन्नसच टिकतो आणि त्यावर बुरशी दिसली की तो त्याज्य ठरतो, हे घरातील प्रत्येक मुलीला ठाऊक असे. पावसाळा सुरू झाला की पालेभाज्या ताटातून नाहीशा होत. पावसाळी पाल्यावर अंडी व अळ्या फार असतात आणि त्या डोळ्यांना सहज दिसत नाहीत. मग दोडका, पडवळ, दुधी, भेंडी, कारले या चिरून आत पाहता येणाऱ्या फळभाज्या पुढे येत. अष्टमी-चतुर्दशीला आणि दशलक्षण पर्वात ज्या घरांत हिरवी भाजी वर्ज्य असे, तेथे मूग, मटकी, कुळीथ आणि डाळी यांवर निर्वाह होई. श्वेतांबर बांधवांमध्ये फाल्गुन चौमासीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पालेभाजी सोडण्याची आणि आर्द्रा नक्षत्र लागल्यावर आंबा न खाण्याची प्रथा आहे. संप्रदाय वेगळे असले तरी ऋतूकडे पाहण्याची दृष्टी एकच आहे.

परदेशी पाहुणे

आपली पाकपरंपरा अनादि काळापासून जशीच्या तशी चालत आली, असे आपण अनेकदा म्हणतो. इतिहास मात्र तसे सांगत नाही. वर उल्लेखिलेल्या ग्रंथांच्या काळी आपल्या स्वयंपाकघरात मिरची नव्हती. तिखटपणासाठी मिरे, पिंपळी आणि सुंठ वापरीत. इ. स. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकला आणि त्यानंतर त्यांच्या व्यापारातून अमेरिका खंडातील मिरची, भुईमूग, मका, पेरू, काजू आणि कालांतराने बटाटा व टोमॅटो हे पदार्थ या भूमीत रुजले. आज मिरचीशिवाय कोल्हापूर-सांगलीकडच्या जेवणाची कल्पनाही करवत नाही!

या पाहुण्यांना आपल्या पूर्वजांनी डोळे मिटून घरात घेतले नाही आणि डोळे मिटून नाकारलेही नाही. आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंडक श्रावकाचारा'त मुळा, ओले आले यांसारख्या पदार्थांचा त्याग सांगताना, ज्यात लाभ अल्प आणि जीवघात बहुत, ते सोडावे, अशी कसोटी घालून दिली होती. बटाट्याचे नाव कोणत्याही प्राचीन ग्रंथात असणे शक्यच नव्हते. तरीही तो जमिनीतील कंद, अनंतकाय, म्हणून या कसोटीने बाजूला राहिला आणि त्याच्या जागी कच्ची केळी आली. भुईमूगही जमिनीखालीच येतो. परंतु ती शेंग आहे, कंद नव्हे, म्हणून तो स्वीकारला गेला. मिरची झाडावर येते आणि उन्हात वाळते, म्हणून तीही आली. ओले आले वर्ज्य, पण सुंठ चालते; ओली हळद वर्ज्य, पण वाळलेली चालते. सांगलीच्या पेठेतील हळद हरिपूरच्या भूमिगत पेवांत साठविली जाई आणि तीच जैन घरातील डाळीतही पडे. कांदा-लसणाची जागा हिंगाने भरून काढली. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. आपल्या हाती केवळ वर्ज्य पदार्थांची यादी आलेली नाही, तर बाजारात आलेल्या प्रत्येक नव्या वस्तूला विचारावयाचे प्रश्न आपल्या हाती आले आहेत.

चौक्याचे पुनरुज्जीवन

या परंपरेला विसाव्या शतकात नवे चैतन्य लाभले ते चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांमुळे. इ. स. १८७२ मध्ये आपल्याच भागात जन्मलेल्या या महापुरुषाने इ. स. १९२० मध्ये यरनाळ येथे मुनिदीक्षा घेतली आणि इ. स. १९५५ मध्ये कुंथलगिरी येथे सल्लेखनापूर्वक देह ठेवला. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, करपात्रात आहार घेतात. त्या एका आहारासाठी विहिरीचे पाणी गाळून आणणे, जात्यावर ताजे पीठ दळणे, धान्य व भाजी डोळ्यांत तेल घालून निवडणे, हे सारे घरच्या घरी करावे लागते. मुनिविहार वाढला तसे गावोगावी चौके लागू लागले आणि विस्मरणात जाऊ पाहणारे अनेक नियम सासूकडून सुनेकडे पुन्हा सांगितले जाऊ लागले.

आजचा प्रश्न

गेल्या काही दशकांत बाजाराचे रूप पालटले आहे. धरणे व उपसा सिंचन यांमुळे मळे बारमाही झाले. शीतगृहे आणि वाहतूक यांमुळे वाटाणा श्रावणातही मिळतो आणि फुलकोबीला ऋतू उरलेला नाही. इ. स. १९७२ च्या दुष्काळात मिलो ज्वारीची लाल भाकरी खाऊन दिवस काढलेल्या पिढीला या विपुलतेचे मोल निश्चितच कळते. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. शेतकरी हा आपल्या समाजाचा मोठा घटक आहे आणि बारमाही पिकाने अनेक घरे सावरली आहेत.

चिंतेची बाब निराळीच आहे. आज पाकिटावर 'कांदा-लसूण विरहित' असे छापलेले दिसले की आपण निश्चिंत होतो. पण त्या पाकिटातील पीठ केव्हा दळले होते? तीन दिवसांपूर्वी की तीन महिन्यांपूर्वी? शीतकपाटात कालची मळलेली कणीक ठेवून आज कंदमूळ टाळल्याचे समाधान मानणे, म्हणजे नियमाचे टरफल जपून आतला दाणा गमावणे होय. यादी राहिली आणि मर्यादा गेली, असे झाले तर पुढील पिढीला आपला आचार हा केवळ नकारांचा डोंगर वाटेल. आणि तसे वाटल्यास दोष तिचा असणार नाही.

नोकरी-व्यवसायामुळे दोघांनाही घराबाहेर राहावे लागते, जाते कधीच माळ्यावर गेले आहे, हे सारे मान्य केलेच पाहिजे. पूर्वीचे सर्व कष्ट एकट्या गृहिणीच्या माथी पुन्हा मारणे हा उपाय नव्हे. परंतु काही गोष्टी प्रत्येक घरास शक्य आहेत. दळण थोडे थोडे आणि ऋतू पाहून आणावे. आठवड्यातून एकदा तरी मुलांना बरोबर घेऊन मंडईत जावे आणि या महिन्यात कोणती भाजी का घेतली व कोणती का घेतली नाही, हे त्यांना सांगावे. भाजी निवडण्यास घरातील पुरुषांनीही बसावे. आणि ज्या घरांत ऐंशी-नव्वद वर्षांच्या आजी आहेत, तेथे त्यांच्याकडून ऋतुवार पदार्थ, वाळवणे आणि मर्यादा लिहून घ्याव्यात. चावुंडराय आणि मंगरस यांनी आपल्या काळचे लिहून ठेवले म्हणून ते आज आपणांस कळते. आजींचे ज्ञान मात्र अद्याप कोणी कागदावर उतरविलेले नाही.

बाराव्या शतकात बाजारपेठेतील व्यापाऱ्यांनी बसदीसाठी आपल्या मालाचा वाटा दिला. आपणांस द्यावयाचा वाटा याहून लहान आहे : बाजारात पिशवी पुढे करण्यापूर्वी क्षणभर थांबण्याचा. ट्रस्टच्या पुढील पन्नास वर्षांत आपल्या घरांतील चूल त्या क्षणाची आठवण ठेवील, अशी श्री जिनेंद्रचरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.

जय जिनेंद्र!