टस्कीगी: गुपित नसलेला प्रयोग

तुमच्या संशोधनात माणसं असतील, तर एथिक्स कमिटीचा फॉर्म चुकत नाही. कटकटीचा आहे, मान्य. पण तो आला कुठून, ते बघा.

१९३२ साली अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामातल्या मेकन काउंटीत सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास सुरू केला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना सांगितलं काय, तर रक्त खराब आहे, आम्ही उपचार करतोय. प्रत्यक्षात उपचार न केल्यास रोग कसा वाढत जातो, एवढंच बघायचं होतं. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा नेहमीचा उपचार झाला, तरी यांना ते दिलं नाही.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. हे गुपित नव्हतंच! १९३६ पासून त्याचे पेपर जर्नलमध्ये छापून येत होते, म्हणजे संपादकांनी ते वाचले, डॉक्टरांनी वाचले. १९६५ मध्ये डेट्रॉइटच्या डॉ. अर्विन शॅट्झ यांनी असाच एक पेपर वाचून निषेधाचं पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. पीटर बक्स्टन तर त्याच आरोग्य सेवेत नोकरीला होते. १९६६ पासून वरिष्ठांकडे तक्रार करून काही होईना, तेव्हा त्यांनी माहिती पत्रकारांकडे दिली. जुलै १९७२ मध्ये बातमी छापून आली आणि चाळीस वर्षं चाललेला अभ्यास त्याच वर्षी थांबला.

१९७४ चा राष्ट्रीय संशोधन कायदा आणि १९७९ चा बेल्मॉन्ट अहवाल यातूनच आले. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी जाहीर माफी मागितली ती १९९७ मध्ये. तेव्हा त्या पुरुषांपैकी आठच जण हयात होते.