शून्य कोठे मानायचे?

बोरघाटातील गाडीरस्ता 1830 साली खुला झाला आणि 1863 साली रेल्वेही हा घाट चढून लोणावळ्यास पोहोचली. रेल्वेमार्गाचा चढ 37 फुटांस 1 फूट इतका तीव्र होता. चढताना इंजिनाला जोर द्यायचा आणि उतरताना तो आवरायचा, हे घाटातील चालकाचे काम. त्यासाठी त्याच्या हाताशी किंवा पायाशी असते एक साधी झडप, थ्रॉटल. वाफेच्या इंजिनात ती वाफ अडवते, पेट्रोलच्या इंजिनात हवा.

झडप 'मिटली' असे केव्हा म्हणायचे, हे मात्र आधी कोणीतरी ठरवावे लागते. जेम्स वॉटने 1788 मध्ये फिरत्या गोळ्यांचा नियंत्रक वापरला. वेग वाढला की गोळे फाकत आणि वाफेची झडप आपोआप मिटू लागे. पण मधल्या दांड्यांची जुळणी माणसालाच करावी लागे.

कुर्ल्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या काळात हे शून्य एका स्क्रूवर ठरे. झडप पूर्ण मिटली तर इंजिन बंद पडेल, म्हणून कार्बोरेटरवरील स्क्रू ती किंचित उघडी ठेवी. मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकून तो जुळवी. मुंबईत केलेली जुळणी लोणावळ्यात मात्र तंतोतंत लागू पडत नसे. लोणावळ्याची उंची सुमारे 620 मीटर. तेथे हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 6 टक्के कमी असते. कार्बोरेटरमधून येणारे पेट्रोल त्या प्रमाणात घटत नाही, त्यामुळे मिश्रणात पेट्रोलचा अंश वाढतो.

पुढे 2000 साली देशभर उत्सर्जनाचे नवे निकष आले आणि मोटारींतील कार्बोरेटर मागे पडत गेला. हळूहळू पेडल व झडप यांना जोडणारी वायरही गेली. आता संवेदक झडपेचा कोन मोजतो आणि संगणक तिला हलवतो. झडपेच्या कडेला काजळी साचून हवा अडू लागली, की संगणक झडप थोडी अधिक उघडतो आणि ही दुरुस्ती लक्षात ठेवतो. मग गॅरेजमध्ये काजळी पुसली जाते, पण स्मृती जुनीच राहते! इंजिन उभ्या गाडीतही जोरात फिरू लागते. म्हणून सफाईनंतर शून्य पुन्हा शिकवावे लागते. अनेक गाड्यांत किल्ली फिरवून, इंजिन सुरू न करता, पेडलला पाय न लावता काही क्षण थांबतात. संगणक झडप मिटवून तिची जागा नोंदतो. नेमकी कृती प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत असते.

हे टाळले तर सपाट रस्त्यावर थोडे पेट्रोल वाया जाईल. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना मात्र पेडलवरून पाय उचलल्यावर इंजिनाने गाडीला आवर घालायचा असतो. तो आवर कमी पडला, की सारा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापतात.

वर्गात व्हर्निअर कॅलिपरची शून्यत्रुटी शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे. उपकरण स्वच्छ केले म्हणजे ते अचूक झाले, असे नव्हे. त्याचे शून्यही पुन्हा तपासावे लागते.