यिडिश नावांची कुळकथा

कामगारांची गाऱ्हाणी लिहून घेताना आम्हाला एक गोष्ट नेहमी आढळते. हजेरीपटावर माणसाचे नाव एक असते आणि वस्तीत त्याला हाक मारतात ती दुसऱ्याच नावाने. सरकारदरबारी पहिले चालते. पण त्या माणसाची खरी ओळख पटते ती दुसऱ्याने. ज्या समाजाने ही दुहेरी नावांची रीत शतकानुशतके सांभाळली, त्या यिडिशभाषिक ज्यूंच्या नावांचा थोडा इतिहास येथे मांडावयाचा आहे.

यिडिश ही मध्य आणि पूर्व युरोपातील ज्यूंची घरची भाषा. तिचा सांगाडा जर्मन, लिपी हिब्रू, आणि शब्दांत हिब्रू, अरमाइक व स्लाव भाषांची भर. दुसऱ्या महायुद्धापूर्वी सुमारे १ कोटी १० लाख लोक ती बोलत असत. त्यांत शिंपी, चांभार, सुतार, हमाल, फेरीवाले यांचा भरणा मोठा. कोकणातील बेने इस्राएल मंडळींमुळे ज्यू समाज आपल्याला परका नाही. परंतु त्यांची घरभाषा मराठी. यिडिशचा मुलूख निराळा, तो पोलंड, लिथुआनिया, युक्रेनकडचा.

ह्या समाजात मुलग्याला दोन नावे असत. एक पवित्र नाव, हिब्रू भाषेतले. प्रार्थनामंदिरात धर्मग्रंथाच्या वाचनाला बोलावताना, लग्नाच्या करारात आणि थडग्यावर ते येई. दुसरे रोजच्या वापराचे, यिडिश. पुष्कळदा ही दोन्ही जोडून एकच नाव होई. हिब्रूत हरणाला त्स्वी आणि यिडिशमध्ये हिर्श, म्हणून त्स्वी-हिर्श. तसेच सिंहाचे अर्ये-लेब, लांडग्याचे झेएव-वोल्फ, अस्वलाचे डोव्ह-बेर. ह्यातले हरीण, सिंह आणि लांडगा बायबलातून आले. याकोबाने मरतेसमयी मुलांना आशीर्वाद दिला, त्यात यहूदाला सिंहाची, नफतालीला हरिणीची आणि बन्यामीनाला लांडग्याची उपमा आहे. म्हणून यहूदा-लेब, नफताली-हिर्श, बन्यामीन-वोल्फ ह्या जोड्याही घरोघर आढळत. एकच अर्थ पोथीच्या भाषेत आणि बाजाराच्या भाषेत दोनदा उच्चारावयाचा, अशी ही रीत.

स्त्रियांना धर्मग्रंथाच्या वाचनाला बोलावीत नसत. तेव्हा त्यांच्या नावाला हिब्रूचे बंधनही फारसे उरले नाही. सारा, रिव्का, राखेल ही बायबलातली नावे होतीच. पण त्यांच्या शेजारी घरच्या भाषेतली नावे फुलली. गोल्डे म्हणजे सोने, पेर्ल म्हणजे मोती, ब्लूमे म्हणजे फूल, रेझल म्हणजे गुलाब, फेगल म्हणजे पाखरू, टॉयबे म्हणजे कबूतर, शेने म्हणजे सुंदर, फ्रेडे म्हणजे आनंद, गिटल म्हणजे चांगली. स्लाव शेजाऱ्यांकडून झ्लाटा आले, त्याचाही अर्थ सोनेच. ज्या घरात सोन्याचा मणी नाही त्या घरात लेक मात्र गोल्डे! आपल्याकडच्या सोनूबाई वाचकांना आठवतील.

काही नावांत ह्या लोकांच्या वाटचालीच्या खुणा राहिल्या आहेत. त्यांचे पूर्वज इटली-फ्रान्सकडून ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यात आणि तेथून पुढे पोलंडकडे सरकले. म्हणून शप्रिंत्से ह्या नावाच्या मुळाशी 'आशा' ह्या अर्थाचा दक्षिण युरोपीय शब्द असल्याचे मानतात. येंटे म्हणजे मुळात कुलीन स्त्री; पण विसाव्या शतकात अमेरिकेतील यिडिश वृत्तपत्रांच्या विनोदी लेखनाने तिची चोंबडी बाई करून टाकली.

दारिद्र्य आले की बालमृत्यू आलेच. पाठीमागची मुले दगावली की नव्या बाळाला अल्टर, म्हणजे म्हातारा, म्हणत, मुलीला अल्टे. मृत्यूचा दूत लहान मूल शोधीत येईल आणि म्हातारा ऐकून परत जाईल, ही समजूत. आजारी माणसाच्या नावाला हाइम, म्हणजे जीवन, जोडीत. आपल्याकडचे धोंडू, दगडू, भिकू ह्याच भीतीतून जन्मले. ज्या आईला औषध परवडत नाही ती नावाने मूल वाचवू पाहते. तिला अडाणी म्हणून हसणाऱ्यांनी आधी तिने किती मुले पुरली ते विचारावे.

पुढे सरकारी दप्तर आले. १७८७ साली ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ याने ज्यूंना कायम आडनावे घेण्याचा हुकूम काढला. कर आणि सैन्यभरती यांसाठी माणूस नोंदीत पक्का हवा होता. रशियन साम्राज्यात १८०४ च्या कायद्याने तेच केले. गंमत अशी, की आजच्या बेलारूसच्या पूर्व भागात अनेक आडनावे आईच्या नावावरून पडली : रिव्कापासून रिव्किन, ड्वोरापासून ड्वोर्किन.

पण नावाचे हत्यार करण्याची परिसीमा नाझींनी गाठली. १७ ऑगस्ट १९३८ च्या हुकुमाने त्यांनी जर्मनीतील ज्यूंसाठी नावांची यादी ठरविली. फेगल, गिटल ही नावे त्या यादीत होती, म्हणजे ती नावेच ओळखीचा शिक्का झाली. ज्यांचे नाव यादीत नाही त्यांनी १ जानेवारी १९३९ पासून पुरुषाने इस्राएल आणि स्त्रीने सारा हे जादा नाव लावावयाचे. पुढे ऑशविट्झमध्ये कामाला ठेवलेल्या कैद्यांच्या हातावर आकडे गोंदले. ज्यांना थेट विषारी वायूच्या कोठडीत नेले त्यांची नोंदसुद्धा केली नाही. मारल्या गेलेल्या ६० लाख ज्यूंपैकी बहुसंख्य यिडिशभाषिक होते.

चळवळीतील माणसाला आणखी एक नोंद विसरता येत नाही. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रायँगल कपड्याच्या कारखान्यात आग लागली आणि १४६ कामगार मेले. त्यांत १२३ मुली व स्त्रिया. बहुतेक ज्यू आणि इटालियन स्थलांतरित. बाहेर पडण्याच्या एका दाराला कुलूप होते. सहा प्रेते ओळखता आली नाहीत, ती बिननावाची पुरली. त्या सहा जणांची नावे लागली ती २०११ साली, शंभर वर्षांनी. २०२३ मध्ये त्या इमारतीवर मृतांच्या नावांचे स्मारक उभे राहिले.

स्थलांतराने नावे पालटलीही. अमेरिकेत रेझलची रोझ झाली, इस्राएलमध्ये फेगलची त्सिपोरा आणि गोल्डेची झहावा. गोल्डा मेयर यांनी १९५६ साली हिब्रू आडनाव घेतले, पहिले नाव मात्र आईबापांचेच ठेवले.

पूर्व युरोपातील ह्या ज्यूंत जिवंत नातलगाचे नाव बाळाला देत नाहीत; गेलेल्याचे देतात. म्हणून प्रत्येक नावामागे एक गेलेला माणूस असतो. ब्रुकलिनमध्ये आणि जेरुसलेममध्ये आजही यिडिश बोलणारी कुटुंबे आहेत, त्यांच्यात लेब, हिर्श, गिटल जन्मत आहेत. हुकूम काढणारे गेले. आजीचे नाव नातीच्या पाळण्यात पुन्हा उच्चारले जात आहे.