खांद्याच्या प्लेटचं खरं कूळ

खांद्याजवळ दंडाचं हाड मोडलं आणि ऑपरेशन ठरलं, तर सर्जनच्या तोंडी हमखास ‘फिलॉस’ हे नाव येतं. २००० नंतर आलेली ही प्लेट. प्लेटने हाड जोडणारे जुने सर्जन लेन, लाम्बोट, डॅनिस आणि १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेला सर्जनांचा एओ गट अशी तिची वंशावळ सांगतात. मला ती पटत नाही. फिलॉस दिसायला प्लेट असली, तरी ती हाड बाहेरून धरणाऱ्या एक्स्टर्नल फिक्सेटरच्या घराण्यातली आहे.

साधी प्लेट घर्षणावर चालते. स्क्रू आवळला की ती हाडावर दाबली जाते आणि त्या दाबाने तुकडे जागेवर राहतात. पण दंडाच्या हाडाचा माथा आतून जाळीदार असतो, उतारवयात तो आणखी पोकळ होतो आणि स्क्रूला पकड मिळत नाही. फिलॉसच्या स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात. ते प्लेटच्या भोकातल्या आट्यांत घट्ट बसतात आणि दोन्ही मिळून एकच ताठ चौकट होते. प्लेट हाडाला टेकलीच पाहिजे असं नाही. फिक्सेटरचं तत्त्व हेच: पिना हाडात, दांडी बाहेर आणि दोहोंचा सांधा पक्का. इथे दांडी कातडीखाली गेली, एवढंच.

पोलंडमध्ये रामोतोव्स्की आणि ग्रानोव्स्की यांनी बनवलेली ‘झेस्पोल’ ही प्लेट म्हणजे फिक्सेटर आणि फिलॉस यांमधली पायरी. तिचे स्क्रू प्लेटमध्ये जखडलेले असत आणि प्लेट कातडीच्या आत बसवता येई, तशी बाहेरही.

यावर आक्षेप येतो तो राइनहोल्ड यांच्या नावाने. प्लेटमध्ये जखडणाऱ्या स्क्रूचं फ्रेंच पेटंट त्यांनी १९३१ मध्येच घेतलं होतं. खरं आहे, पण त्यानंतरही कित्येक दशकं घर्षणाच्याच प्लेटांचं राज्य चाललं. पेटंटला वंश लागला नाही, असं माझं मत.

माझा सर्वांत भक्कम पुरावा मात्र मूळपुरुषाचाच आहे. हॅम्बुर्गच्या हान्समान यांनी १८८६ मध्ये हाडाची पहिली प्लेट जगापुढे मांडली. तिचं एक टोक वाकवून कातडीबाहेर काढलेलं होतं. स्क्रूंचे लांब दांडेही बाहेर डोकावत, म्हणजे जखम पुन्हा न उघडता सगळं काढून घेता येई. पहिली प्लेटच अर्धी बाहेर होती! प्लेट आणि फिक्सेटर ही घराणी पुढे वेगळी झाली आणि शतकभराने दंडाच्या हाडावर पुन्हा एकत्र आली.

फिलॉसच्या कडेच्या बारीक भोकांचा धागा मात्र बॉस्टनचे सर्जन कॉडमन यांच्यापर्यंत जातो. माथा, दोन उंचवटे आणि दांडा अशा चार तुकड्यांत हे हाड फुटतं, हे त्यांनी १९३४ मध्ये मांडलं. उंचवट्यांना खांद्याचे स्नायुबंध ओढतात. ते बंध त्या भोकांतून दोऱ्याने प्लेटला बांधतात.

कूळ थोर असलं, तरी प्रत्येक खांद्याला ही प्लेट लागत नाही. ब्रिटनमधल्या २५० रुग्णांच्या ‘प्रोफर’ चाचणीत, २०१५ च्या निष्कर्षांनुसार, ऑपरेशन केलेले आणि न केलेले यांच्यात दोन वर्षांत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणून ऑपरेशनला हो म्हणण्याआधी सर्जनला जरूर विचारा: हात झोळीत ठेवून माझं हाड जुळेल का?